वाचकांचे प्रश्न : विज्ञानाचा तास आणि घरची भाषा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढील अंकासाठी ठेवून केवळ त्यांनाच उत्तरे देत आहे. चारही पत्रांत मूल एक भाषा घेऊन वर्गात आले आहे आणि विज्ञान त्याला दुसऱ्या भाषेत शिकायचे आहे. इंदुरात एकतीस वर्षे मी सहावी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवले. त्या काळात अशी मुले दरवर्षी माझ्यासमोर बसत होती आणि पहिली काही वर्षे मी त्यांच्याशी न्यायाने वागले नाही, हे मला मान्य केले पाहिजे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत आणि जागेसाठी पत्रे थोडी आखडती घेतली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या यजमानांची बदली पिथमपूरच्या कारखान्यात झाल्यामुळे आम्ही मागच्या वर्षी सांगली जिल्ह्यातून इंदूरला आलो. मुलगा आठवीपर्यंत मराठी माध्यमात शिकला आणि विज्ञान हा त्याचा सर्वांत आवडता विषय होता. येथे त्याला नववीत हिंदी माध्यमात घातले. बोलण्याचे हिंदी त्याला तीन महिन्यांत येऊ लागले, मात्र विज्ञानात तो पन्नासपैकी अठरा गुणांवर आला. त्याने उत्तरपत्रिकेत लिहिले होते, ‘जल का एक रेणु हाइड्रोजन के दो अणु और ऑक्सीजन के एक अणु से बनता है’, आणि त्यावर लाल शाईने काट मारून बाईंनी ‘रेणु क्या होता है?’ असे विचारले आहे. यजमान म्हणतात, घरात मराठी बोलणे बंद करू, म्हणजे हिंदी पक्के होईल. तसे करावे का?

उत्तर : सर्वांत आधी तुमच्या मुलाचे ते वाक्य मराठीत वाचून पाहा. पाण्याचा एक रेणू हायड्रोजनच्या दोन अणूंचा आणि ऑक्सिजनच्या एका अणूचा बनतो, या विधानात विज्ञानाची एकही चूक नाही. मराठीत ज्याला आपण अणू म्हणतो त्याला हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात आणि मराठीतला रेणू म्हणजे हिंदीतला ‘अणु’. हिंदीत ‘रेणु’ म्हणजे धूळ किंवा परागकण. मुलाने हिंदी वाक्यरचना शिकून घेतली, शब्द मात्र मराठीतले ठेवले, कारण ते हिंदीतही आहेत, कानाला ओळखीचे आहेत आणि त्यांचा अर्थ बदलला आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही. बाईंनीही कदाचित मराठी पाठ्यपुस्तक कधी पाहिले नसेल, त्यामुळे त्यांना ते उत्तर निरर्थक वाटले. गंमत अशी की या दोन्ही जोड्या आपल्याकडच्या एकाच जुन्या शब्दभांडारातून आल्या आहेत. वैशेषिक दर्शनात परमाणू हा अविभाज्य कण आहे, दोन परमाणूंचे द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते, आणि कवडशात तरंगताना दिसणाऱ्या कणाला त्रसरेणू म्हटले आहे. आधुनिक रसायनशास्त्र भारतीय भाषांत आणताना हिंदीने त्यातली एक जोडी उचलली आणि मराठीने दुसरी.

पूर्ण अनोळखी शब्दापेक्षा असा ओळखीचा वाटणारा शब्द अधिक त्रास देतो, कारण अनोळखी शब्दाजवळ मूल थांबते आणि विचारते, तर ओळखीच्या शब्दाजवळ ते थांबतच नाही. नववी-दहावीच्या अभ्यासात असे शब्द बरेच आहेत. मराठीत ‘पेशी’ हा सजीवाचा मूलभूत घटक असतो, त्याला हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात आणि हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. हिंदी पुस्तकात ‘ताप बढ़ाने पर’ असे येते तेव्हा तेथे तापमानाचा विषय चाललेला असतो, पण मराठी मुलाच्या मनात प्रथम अंगातला ताप येतो. मराठीतला विजेचा ‘प्रभार’ हिंदीत ‘आवेश’ होतो आणि मराठी कानाला आवेश म्हटले की भाषण आठवते. या सगळ्यांत मला सर्वांत घातक वाटणारा शब्द ‘क्षार’ हा आहे. मराठीत आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून क्षार तयार होतो, म्हणजे मीठ हा क्षार आहे. हिंदीत त्याला ‘लवण’ म्हणतात, आम्लारीला ‘क्षारक’ म्हणतात आणि पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकालाच ‘क्षार’ असे नाव आहे. एकाच प्रयोगाच्या दोन टोकांना उभे असलेले पदार्थ दोन भाषांत एकच नाव घेऊन बसले आहेत.

हा गुंता पाठांतराने सुटत नाही, तो स्वयंपाकघरात सुटतो. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना हळदीचे पाणी लावून त्या वाळवा आणि तीन वाट्यांत लिंबाचा रस, कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी आणि मिठाचे पाणी घ्या. लिंबाच्या रसात पट्टी पिवळीच राहते, मिठाच्या पाण्यातही पिवळीच राहते, साबणाच्या पाण्यात मात्र ती लालसर होते, आणि त्या लाल डागावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. आता मुलाला सांगा, की मराठी पुस्तक ‘क्षार’ म्हणते तेव्हा त्याने मिठाची वाटी आठवायची आणि हिंदी पुस्तक ‘क्षार’ म्हणते तेव्हा साबणाची. एकदा डोळ्यांनी पाहिलेली वाटी शब्दाला चिकटली, की पुढे तिसऱ्या भाषेतला शब्दही त्याच वाटीला चिकटवता येतो. त्याच्यासाठी एक वही करा, प्रत्येक पानावर आधी चित्र किंवा प्रयोगाची नोंद असू द्या आणि तिच्याखाली मराठी, हिंदी व इंग्रजी शब्द लिहा. ज्या शब्दांचा अर्थ बदलतो त्यांच्याभोवती लाल चौकट काढा. बल, दाब, त्वरण, घर्षण, श्वसन, प्रकाशसंश्लेषण असे अनेक शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत हेही त्याला दाखवा, म्हणजे सगळीच जमीन पायाखालून सरकली आहे असे त्याला वाटणार नाही.

पारिभाषिक शब्दांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, लक्ष वाक्य जोडणाऱ्या शब्दांकडे द्या. ‘जल की अपेक्षा बर्फ़ का घनत्व कम होता है’ या वाक्यात ‘घनत्व’ म्हणजे घनता हे मूल ओळखते, पण ‘की अपेक्षा’ म्हणजे ‘पेक्षा’ हे त्याच्या लक्षात येत नाही आणि पाणी कसली अपेक्षा करते या विचारात ते अडकते. ‘व्युत्क्रमानुपाती’ म्हणजे व्यस्त प्रमाणात, ‘जबकि’ म्हणजे दोन गोष्टींतला विरोध, ‘के अतिरिक्त’ म्हणजे त्याव्यतिरिक्त. या छोट्या शब्दांवर सगळा युक्तिवाद उभा असतो आणि शब्दसूचीत त्यांना कोणी जागा देत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. घरातली मराठी बंद करू नका. मुलगा पाण्याच्या रेणूविषयी ज्या भाषेत विचार करू शकतो तीच भाषा काढून घेतली, तर हिंदी पक्के होण्याआधी विज्ञान कच्चे होईल. त्याला घरी मराठीतून समजावून सांगू द्या आणि मग तेच हिंदीत लिहू द्या, या क्रमाने त्याचे हिंदीही सुधारते. यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की इंदुरात होळकरांच्या काळापासून राहणारी शेकडो मराठी घरे हिंदी शाळांत शिकून घरी मराठीच बोलत आली आहेत.

बाईंना भेटायला जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, मराठीचे आठवीचे विज्ञानाचे पुस्तक घेऊन जा. अणू-रेणूचे पान उघडून दाखवलेत तर बहुतेक शिक्षकांना दुसरे काही सांगावे लागत नाही. सहा महिन्यांपुरती एवढीच सवलत मागा, की शंका आली तर मुलाला शब्दाशेजारी आकृती काढू द्यावी आणि गुण देताना आकृती पाहावी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विज्ञान आणि गणितासाठी द्वैभाषिक पुस्तके व साहित्य करावे असे म्हटलेले आहे. तेथे विचार घरच्या भाषेचा आणि इंग्रजीचा आहे, पण मुलाला दोन भाषांत विज्ञानाचा विचार करता यावा हे त्यातले तत्त्व तुमच्या मुलालाही लागू पडते.

प्रश्न : मी इंदूरच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. वर्गातील अडतीसपैकी चौदा मुले बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांतली आहेत. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या भागांतून ती येतात आणि घरी भिली, भिलाली किंवा निमाडी बोलतात. ती वर्गात अक्षरशः गप्प बसतात. मला भिली येत नाही आणि वेगळे साहित्य तयार करायला वेळही नाही. भगोरियाच्या जत्रेला आणि पेरणीच्या दिवसांत ती गावी जातात आणि परतल्यावर सर्व विसरलेली असतात. मी नेमके काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘गप्प बसतात’ या शब्दांवर मी बराच वेळ थांबले, कारण माझ्या वर्गातही अशी मुले होती आणि मी त्यांना मंद समजत असे. एका वर्षी शाळेच्या आवारात नवी खोली बांधली जात होती आणि माझ्या सातवीतल्या अशाच एका गप्प मुलाने मधल्या सुट्टीत मला विचारले, ‘मैडम, सीमेंट सूखने से पक्का होता है तो उस पर रोज़ पानी क्यों डालते हैं?’ तो प्रश्न मी आजवर विसरलेले नाही. पुस्तकी उत्तर मला ठाऊक होते, की सिमेंट वाळून घट्ट होत नाही, त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि ती क्रिया पुरी होण्यासाठी कित्येक दिवस ओलावा टिकवावा लागतो. पण पाठ्यपुस्तकातला भौतिक बदल आणि रासायनिक बदल हा धडा दहा वर्षे शिकवताना मला हा दाखला एकदाही सुचला नव्हता. त्या मुलाने आईवडिलांना रोज तराई करताना, म्हणजे सिमेंटवर पाणी मारताना, पाहिले होते, त्यात त्याला विसंगती दिसली होती आणि तो विचार त्याने कित्येक दिवस मनात ठेवला होता. त्याला भाषा नव्हती असे म्हणणे चूक ठरेल, वर्गात त्याच्या भाषेला जागा नव्हती.

तुम्हाला भिली येण्याची गरज नाही, मुलांना ती वर्गात वापरता आली पाहिजे. एकच भाषा बोलणारी दोन-तीन मुले शेजारी बसवा. हिंदी सुधारावी म्हणून त्यांना वेगवेगळे बसवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती विज्ञानाच्या तासापुरती तरी सोडा. प्रश्न दिल्यावर पाच मिनिटे त्यांना आपसात त्यांच्या भाषेत बोलू द्या आणि त्यानंतर त्यांच्यातील ज्याला हिंदी अधिक येते त्याला सर्वांच्या वतीने सांगायला सांगा. ती पाच मिनिटे तुम्हाला काहीच कळणार नाही आणि वर्ग हातातून गेल्यासारखे वाटेल, पण ते सहन करा. हळूहळू हातवारे, चढता आवाज आणि एकमेकांना खोडून काढणे यांवरून चर्चा विषयावर आहे की नाही, हे तुम्हाला नक्की ओळखता येईल.

दुसरे, आधी वस्तू हातात द्या आणि शब्द नंतर द्या. गवंडी दोन भिंतींवर सारखी उंची आखण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. चार-पाच मीटरची तशी नळी बाजारातून आणा आणि वर्गातल्या दोन टोकांना दोन मुलांच्या हातांत द्या. एकाने टोक वर-खाली केले तरी दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत येते, हे सगळा वर्ग पाहील. मग एका टोकाला बूड कापलेली रुंद बाटली जोडा आणि विचारा, की आता रुंद बाजूला पाणी अधिक आहे, तर पातळी कोणती खाली जाईल? बहुतेक मुले चुकीचे भाकीत करतील आणि प्रयोग त्यांना खोटे पाडेल. या ठिकाणी तुमच्या चौदा मुलांपैकी एखादे नक्की सांगेल, की नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते आणि म्हणून मिस्त्री आधी नळी टिचकी मारून बुडबुडे काढतो. बुडबुड्याने माप का चुकते, हा आठवीच्या पुस्तकातील कोणत्याही प्रश्नाइतकाच चांगला प्रश्न आहे. बुडबुड्याची जागा पाण्याने घेतलेली नसल्यामुळे त्या बाजूचा स्तंभ हलका पडतो आणि समतोलासाठी तेथली पातळी वर राहते, इथपर्यंत मुलांना स्वतः येऊ द्या. ‘द्रव का दाब’ हे शब्द त्यानंतर फळ्यावर लिहा. मग ते शब्द आधीच समजलेल्या गोष्टीचे नाव म्हणून येतात.

अशाच रीतीने कोरडी वीट तोलून, चोवीस तास पाण्यात ठेवून, पुन्हा तोला. चांगल्या विटेने आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये, असा बांधकामातला दंडक आहे. मुलांनी आणलेल्या विटा त्या दंडकाला उतरतात का हे पाहताना टक्केवारी, वस्तुमान आणि सच्छिद्रता हे तीनही विषय होतात आणि वीट पाण्यात बुडवल्यावर निघणारे बुडबुडे कोठून येतात हा चौथा. ओळंबा, कप्पी, घमेले वर चढवण्याचा दोर, सगळ्यांत भौतिकशास्त्र आहे.

येथे एक सावधगिरीही सांगते. बांधकामाचे दाखले सर्व वर्गासाठी असू द्या. ‘तू तर साइटवर राहतोस, तूच सांग’ असे म्हणून एखाद्या मुलाला उभे करू नका, कारण त्याची राहण्याची जागा हा त्याच्या दृष्टीने अवघडलेपणाचा विषय असू शकतो. आणि ही मुले म्हणजे केवळ विटा आणि सिमेंट नव्हेत. त्यांना चुंबक द्या, भिंग द्या, ग्रहणाविषयी विचारा. अलीराजपूरच्या रात्री आभाळ इंदूरपेक्षा पुष्कळ काळे असते, त्यामुळे तुमच्या शहरी मुलांनी न पाहिलेले तारे त्यांनी पाहिलेले असतात.

वर्गाच्या एका भिंतीवर जुना कॅलेंडरचा कागद उलटा लावा आणि प्रत्येक धड्यातले सात-आठ शब्द हिंदी, भिली, भिलाली, निमाडी, मराठी असे मुलांकडूनच देवनागरीत लिहून घ्या. एखाद्या शब्दाला त्यांच्या भाषेत प्रतिशब्द नसेल तर ती वर्णन करून लिहितील, तेही चालेल. 2011 च्या जनगणनेत भिली आणि तिच्या गटात धरलेल्या भिलालीसारख्या मातृभाषा सांगणारे मिळून 1 कोटी 4 लाखांहून अधिक लोक होते, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आकडा वर्गात सांगा. आपली भाषा एवढे लोक बोलतात हे मुलांना बहुधा ठाऊक नसते.

हे सगळे नवे नाही आणि दूरच्या देशातलेही नाही, हे तुम्हाला धीर देण्यासाठी सांगते. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला, 1982 पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला आणि राज्यातील अनेक जिल्ह्यांत तो पसरला. मुले स्वस्त साहित्यातून स्वतः प्रयोग करीत, व्याख्या पाठ करण्याऐवजी निरीक्षण स्वतःच्या शब्दांत लिहीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. मुलांनी पाठवलेल्या प्रश्नांना ‘सवालीराम’ या नावाने उत्तरे दिली जात. 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद झाला याचे मला आजही वाईट वाटते, कारण ज्याची पुस्तकी हिंदी कच्ची आहे त्यालाही तेथे विज्ञान चांगले येते असे सिद्ध करता येत होते. तुमच्या हातात वार्षिक परीक्षा नाही, पण चाचण्या आहेत. त्यांत अर्धे गुण करून दाखवण्याला, आकृतीला आणि तोंडी उत्तराला ठेवा आणि आपल्या नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे दोन वेगळे शेरे लिहा, एक समजले का याचा आणि दुसरा हिंदीत मांडता आले का याचा. हे दोन शेरे वेगळे केल्यावर माझ्या वर्गातील कितीतरी मुलांविषयीचे माझे मत मला बदलावे लागले.

गावी जाण्याविषयी : भगोरिया होळीआधीच्या आठवड्यात आणि पेरणी पावसाच्या तोंडावर येते हे ठरलेले आहे, तेव्हा नवा अवघड धडा त्या दिवसांत सुरू करू नका. जाणाऱ्या मुलाबरोबर पाठ्यपुस्तक न देता एक काम द्या. रोज दुपारी एकाच काठीची सावली मोजून आणणे, बियाणे किती दिवसांत उगवले ते लिहिणे, विहिरीच्या पाण्याची पातळी दोराच्या गाठींनी मोजणे, यांपैकी एखादे. परतल्यावर त्याच्याकडे वर्गाला सांगण्यासारखे काही असेल. तोवर त्याचे नाव हजेरीपटावरून काढू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या चौकीदाराचे कुटुंब अमरावतीकडून आले आहे. त्यांची मुलगी सातवीत होती. येथील एका शाळेने जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवला आहे आणि हिंदी येत नाही म्हणून तिला चौथीत बसवू, असेही सांगितले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : दोन्ही गोष्टी कायद्याला धरून नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला राज्यातील किंवा राज्याबाहेरील शाळेतून सरकारी अथवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, जुन्या शाळेने दाखला त्वरित दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला एवढ्या कारणाने नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसल्यामुळेही प्रवेश नाकारता येत नाही. चौथ्या कलमाचा रोख मुलाला वयानुरूप वर्गात बसवण्यावर आणि मागे पडलेला भाग विशेष प्रशिक्षणाने भरून काढण्यावर आहे, म्हणजे भाषेसाठी तीन इयत्ता खाली ढकलणे त्याच्या नेमके उलट आहे. सातवीची मुलगी चौथीत बसली तर ती हिंदी शिकेल, पण आम्ल-आम्लारी, उष्णता, प्रकाश हे सगळे तिच्यापासून तीन वर्षे लांब जाईल. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि उत्तर न मिळाल्यास तुमच्या भागातील जनशिक्षा केंद्रात जा. चौकीदारांबरोबर तुम्ही स्वतः गेलात तर फार बरे होईल.

प्रश्न : माझी मुलगी व जावई दोन वर्षांपूर्वी इंदुरातून कॅनडात टोरांटोजवळ गेले. नात अकरा वर्षांची आहे. व्हिडिओ कॉलवर ती इतके सफाईदार इंग्रजी बोलते की आम्हाला समजत नाही. तरीही विज्ञानात ती मागे आहे असे शाळेचे म्हणणे आहे. जावयांना वाटते की ती आळशी झाली. ती येथे असताना विज्ञानात पुढे होती. आजोबा म्हणून मला काय करता येईल?

उत्तर : काका, सादर नमस्कार. नात आळशी झालेली नाही, एवढे जावयांना माझ्या वतीने खात्रीने सांगा. योगायोगाने तुमच्या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनी केला ते जिम कमिन्स हे टोरांटोतलेच अभ्यासक. 1979 साली त्यांनी खेळताना, बसमध्ये, फोनवर लागणारी बोलण्याची भाषा आणि पुस्तकात, प्रयोगवहीत, परीक्षेत लागणारी अभ्यासाची भाषा यांतला भेद मांडला. त्यानंतर टोरांटोतील स्थलांतरित मुलांच्या माहितीवरून त्यांनी दाखवले, की बोलण्याचे इंग्रजी मुलांना साधारण दोन वर्षांत जमते, पण अभ्यासाच्या इंग्रजीत आपल्या वयाच्या तेथील मुलांच्या बरोबरीला यायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. तुमच्या नातीला दोनच वर्षे झाली आहेत. सफाईदार बोलणे ऐकून मोठ्यांची फसगत होते, शिक्षकांचीही होते, आणि त्यामुळे मदतीचा हात फार लवकर काढून घेतला जातो.

विज्ञानात तर ओळखीच्या इंग्रजी शब्दांचेही अर्थ बदलतात. ‘सेल’ म्हटले की इंदूरच्या मुलीला टॉर्चमधला सेल किंवा दुकानातला सेल आठवतो, तेथे तो पेशीसाठी येतो. ‘सोल्यूशन’ म्हणजे गणिताचे उत्तर नसून द्रावण असते. ‘वर्क’, ‘पॉवर’, ‘मॅटर’ या प्रत्येकाचे तेच. सांगलीहून इंदूरला आलेल्या मुलाचे जे झाले तेच येथे मोठ्या अंतरावर झाले आहे, म्हणून या अंकातील पहिले उत्तरही मुलीला व जावयांना वाचायला पाठवा.

टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओच्या शाळांत इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी मदत देण्याची व्यवस्था आहे. नातीला ती आज मिळते का आणि बंद झाली असल्यास कशाच्या आधारावर, हे मुलीने शाळेत विचारावे. तिने शिक्षिकेला आणखी एक गोष्ट विचारावी, की नातीला प्रयोगाचा पहिला आराखडा मराठीत किंवा हिंदीत लिहू देता येईल का आणि त्यावरून इंग्रजी उत्तर तयार करू देता येईल का. शिक्षिकेला मराठी येत नाही हा त्यात अडथळा नाही, कारण पहिला आराखडा नातीने स्वतःसाठी लिहायचा असतो.

तुमचे काम मात्र दुसऱ्या कोणाला जमणार नाही. रविवारच्या कॉलवर तिच्याकडून धडा वदवून घेऊ नका, तिला तुम्हाला काही समजावून सांगायला लावा. तेथे गोठलेल्या तळ्यावर मुले चालतात, तर बर्फाखालचे मासे कसे जगतात, हे तुम्हाला खरोखरच ठाऊक नसेल तर अधिक चांगले. ती अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत सांगू लागेल. तिला मध्येच थांबवून शुद्ध मराठी करायला लावू नका. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर तरंगतो आणि थरासारखा खालच्या पाण्यावर पांघरतो, चार अंशांवरचे पाणी सर्वांत जड असल्यामुळे तळाशी राहते, इथपर्यंत ती तुमच्या प्रश्नांनी आली, की ‘घनता’ हा शब्द तिला तुम्ही द्या आणि त्याला तिच्या शाळेत काय म्हणतात ते तिच्याकडून विचारून घ्या. पुढच्या रविवारी इंदुरातल्या फ्रीजमधला बर्फ पाण्याच्या वाटीत तरंगत ठेवून ती वाटी कॅमेऱ्यासमोर धरा, एक प्रयोग तुम्ही तिला करून दाखवा आणि पाण्याची पातळी आधी व नंतर कोठे आहे, यावर पेनने खूण करायला विसरू नका. बर्फ पूर्ण वितळल्यावर ती वर जाईल, खाली जाईल की तिथेच राहील, हे तिने आधी कागदावर लिहून ठेवावे.